चहापुरते आत आलेले

भात कापून झालं की आरोंद्याच्या मळ्यांत दोन गोष्टी येतात, कुळीथ आणि क्रिकेट. ज्या कुणग्यात कुळीथ पडत नाही तिथं स्टंप रोवले जातात. मे महिन्यात चाकरमानी आले की हे सामने रात्रीवर जातात, दिवे लागतात, लाऊडस्पीकर लागतो आणि तेरेखोल नदीपलीकडच्या गोव्यातूनही एकदोन संघ येतात. अशाच एका रात्री निवेदकानं आचरेकर सरांचं नाव घेतलं. सर मालवणात जन्मलेले, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे, त्यामुळे त्यांचं नाव इथल्या प्रत्येक स्पर्धेत निघतंच. मी शेजारी बसलेल्या काकांना सहज म्हटलं, "सर स्वतः पहिल्या दर्जाची एकच मॅच खेळले होते, माहीत आहे?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. "एकच? मगे तो प्लेयर कसलो?"

त्यांच्या पलीकडून एक म्हातारे गृहस्थ वळले. "अरे, त्या एका मॅचीसाठी मानसां जन्म काढतत."

त्या रात्री सामना कोण जिंकलं ते आता आठवत नाही, पण ती दोन वाक्यं डोक्यात राहिली. रमाकांत आचरेकर १९६३-६४च्या मोसमात मोईन-उद-दौला स्पर्धेत स्टेट बँकेकडून हैदराबादमध्ये एक सामना खेळले. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्यांच्या नावावर तेवढंच. त्यांचा शिष्य सचिन तेंडुलकर २०० कसोट्या खेळला. एक आणि दोनशे यांच्यामध्ये जी माणसं अडकली, ज्यांनी भारताची टोपी घातली आणि ती घडी घालून ठेवायची वेळ लगेच आली, त्यांचा हा आढावा. माणसं मराठी मुलखातली घेतली आहेत. मर्यादा सात कसोट्यांची धरली आहे. सातच का, तर माधव आपटे सात खेळले आणि त्यांना वगळून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. एकदोघांना मात्र मी ही मर्यादा मोडून मागच्या दारानं आत घेणार आहे.

अमेरिकेत बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये असे खेळाडू शेकड्यांनी आहेत आणि त्यांच्यासाठी तिथं एक शब्दप्रयोगच आहे, कॉफीच्या एका कपापुरता आलेला. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे 'मूनलाइट' ग्रॅहॅम. २९ जून १९०५ रोजी तो न्यूयॉर्क जायंट्सकडून मैदानात उतरला, क्षेत्ररक्षणाला उभा राहिला, त्याची फलंदाजीची पाळी येण्याआधी सामना संपला आणि पुन्हा त्याला कुणी बोलावलं नाही. पुढे तो डॉक्टर झाला, मिनेसोटातल्या चिझम नावाच्या खाणगावात त्यानं आयुष्य काढलं. आपल्याकडे कॉफीऐवजी चहा म्हणू. पाव्हणा ओसरीवर आला, चहा झाला आणि जेवायला थांब असं कुणी म्हटलं नाही.

आपल्याकडे अशा खेळाडूबद्दल बोलताना एकच शब्द तोंडात असतो. अन्याय. डावललं, राजकारण केलं, लॉबी नव्हती. हा शब्द आपण इतका स्वस्त केला आहे की जिथं तो खरोखर लागू पडतो तिथंही त्याचं वजन राहिलेलं नाही. म्हणून मी एक साधी फूटपट्टी घेतली. किती सामने मिळाले ते मोजायचं नाही. ज्या दिवशी त्याला वगळलं त्या दिवशी निवड समितीसमोर काय होतं, तेवढं बघायचं.

या फूटपट्टीवर माधव आपट्यांचं प्रकरण सगळ्यांत टोचतं. कॉलेजात ते लेगस्पिनर होते. विनू मांकडांनी त्यांना सलामीला पाठवलं. १९५२मध्ये पाकिस्तानविरुद्ध मुंबईत पहिली कसोटी, लगेच १९५३चा वेस्ट इंडिज दौरा. त्या दौऱ्यातल्या पाच कसोट्यांत ४६० धावा, पोर्ट ऑफ स्पेनला नाबाद १६३. एकूण ७ कसोट्या, ५४२ धावा, सरासरी ४९.२७. त्यानंतर एकही कसोटी नाही. वय होतं वीस. दुखापत नव्हती, फॉर्म गेलेला नव्हता, आणि कारण कधी सांगितलं गेलं नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी लागते. १९५३च्या एप्रिलमध्ये किंग्स्टनची कसोटी संपली, त्यानंतर भारत पुढची अधिकृत कसोटी खेळला ती थेट १९५५च्या जानेवारीत, ढाक्याला. मधल्या पावणेदोन वर्षांत कसोटीच नाही. इतक्या काळात माणसं विसरतात, नवी नावं येतात, समितीतले चेहरे बदलतात. आजचा खेळाडू मे महिन्यात चुकला तर जूनमध्ये दुरुस्त होतो. आपट्यांना तो जून मिळालाच नाही. पण ही सबब झाली, समर्थन नव्हे. ४६० धावा काढून आलेल्या सलामीवीराला कॅलेंडर विसरलं तरी समितीनं विसरायला नको होतं.

योगायोग असा की त्याच पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर पाच वर्षांपूर्वी, १९४८ साली, अँडी गँटोम नावाचा सलामीवीर इंग्लंडविरुद्ध आपली पहिली कसोटी खेळला होता. त्यानं ११२ धावा काढल्या आणि त्याला पुन्हा घेतलं नाही. कसोटी सरासरी ११२. एका मैदानाच्या मातीत दोन सलामीवीरांचं नशीब असं सारखं निघालं.

माधवरावांचे धाकटे बंधू अरविंद १९५९मध्ये लीड्सला एक कसोटी खेळले. धावा ८ आणि ७. इथं अन्याय वगैरे काही नाही. थोरले आपटे मात्र पुढे साठी ओलांडल्यावरही पावसाळ्यातल्या चिखलात कांगा लीग खेळत राहिले. मला त्यांच्या १६३ धावांपेक्षा हे जास्त अवघड वाटतं.

पन्नासच्या दशकातल्या एका कसोटीवाल्यांची गोष्ट समजून घ्यायची तर १९५५-५६ची न्यूझीलंडविरुद्धची मालिका उघडावी. न्यूझीलंडचा संघ तेव्हा कच्चा समजला जायचा आणि कच्चा पाहुणा आला की घरातले लहान-मोठे सगळे पंगतीला बसतात. त्या एका मालिकेनं तीन जणांना आयुष्यभरासाठी 'एक कसोटी' करून ठेवलं. हैदराबादच्या सामन्यात व्ही. एन. स्वामींना फलंदाजी मिळाली नाही, बळीही मिळाला नाही. मुंबईच्या सामन्यात कोल्हापूरचे मध्यमगती गोलंदाज सदाशिव पाटील आले, दोन्ही डावांत एकेक बळी घेतला, नाबाद १४ केल्या, भारत डावानं जिंकला आणि पाटील कोल्हापूरला परत गेले. २०२०च्या सप्टेंबरमध्ये ते वारले तेव्हा बातम्यांत त्या एका सामन्याचीच उजळणी झाली. तिसरे चंद्रकांत पाटणकर, जन्मानं पेणचे. कलकत्त्याला यष्टिरक्षण केलं, झेल घेतले, एक यष्टिचीत केला. पण नरेन ताम्हाण्यांसारखा यष्टिरक्षक उपलब्ध असताना दुसऱ्याला किती दिवस जागा मिळणार? यष्टिरक्षकाची जागा म्हणजे चाळीतला नळ, एकच असतो आणि त्याच्यासमोर रांग.

पाटील आणि पाटणकर यांना मी अन्यायाच्या खात्यात टाकत नाही. त्यांना संधी मिळाली हीच त्या काळच्या निवडीची लहर होती, गेली तीही लहरच. याच लहरीचा कळस तीन वर्षांनी झाला. १९५८-५९च्या वेस्ट इंडिजविरुद्धच्या पाच कसोट्यांत भारताचे चार कर्णधार झाले, उम्रीगर, गुलाम अहमद, मांकड आणि हेमू अधिकारी. जिथं कर्णधाराची खुर्ची पंधरा दिवस टिकत नव्हती तिथं बाराव्या-तेराव्या माणसाची काय कथा.

कोकणातल्या वाचकांसाठी आता जरा घरची माणसं. दिलीप वेंगसरकर राजापूरचे, ११६ कसोट्या, हे सगळ्यांना ठाऊक असतं. रत्नागिरीत जन्मलेल्या रामनाथ पारकरांचं नाव मात्र आता पन्नाशीच्या आतल्या माणसाला सांगावं लागतं. १९७२-७३मध्ये टोनी लुईसच्या इंग्लंड संघाविरुद्ध ते गावसकरांबरोबर सलामीला आले, दोन कसोट्यांत ८० धावा. फलंदाज म्हणून एवढंच. पण कव्हर्समध्ये त्यांना बघितलेली माणसं आजही हातवारे करून सांगतात. त्या काळात क्षेत्ररक्षणावर कुणी संघात राहत नसे. आज राहिले असते. चिपळूणजवळच्या कळुस्त्याचे गुलाम पारकरही चपळ क्षेत्ररक्षक आणि सलामीवीर. १९८१-८२च्या रणजी मोसमात बंगालविरुद्ध गावसकरांबरोबर त्यांनी ४२१ धावांची सलामी दिली. त्या जोरावर ते १९८२ला इंग्लंडला गेले आणि लॉर्ड्सवर उभे राहिले. ६ आणि १. संपलं. क्रिकेटच्या पंढरीत जाऊन पायरीला हात लावून परत यावं तसं.

अलिबागचे उमेश कुलकर्णी डावखुरे वेगवान गोलंदाज. १९६७-६८मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यात ४ कसोट्या, ५ बळी. आकडे किरकोळ आहेत, पण त्या वेळी भारतीय संघात वेगवान गोलंदाजाचं काम काय होतं ते पाहा. त्याच वर्षी बर्मिंगहॅमला भारत बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन असे चारही फिरकीपटू घेऊन उतरला आणि नवा चेंडू टाकायला यष्टिरक्षक बुधी कुंदरनला आणलं. चेंडूची लकाकी घालवायची आणि बाजूला व्हायचं, एवढाच मान. अशा घरात वेगवान गोलंदाज भाडेकरूच असतो. मला उमेश कुलकर्ण्यांची फार कणव येते ती यासाठी. ते चुकीच्या दशकात जन्मले.

आणि ज्यांच्यासाठी नवा चेंडू लवकर जुना केला जायचा, त्या फिरकीच्या घराण्यातही एकाला उंबऱ्याबाहेरच ठेवलं गेलं. पद्माकर शिवलकर यांच्या नावावर एकही कसोटी नाही, म्हणून ते या लेखात बसत नाहीत. पण त्यांच्याशिवाय लेखही पुरा होत नाही. १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी २०च्याही खाली. १९७२-७३चा रणजी अंतिम सामना चेन्नईत तमिळनाडूच्या घरी, फिरकीला पोसलेल्या खेळपट्टीवर झाला. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. पण डावखुऱ्या फिरकीपटूची जागा बिशनसिंग बेदीकडे होती, आणि बेदीला काढा असं म्हणण्याची हिंमत कुणाची होती? गावसकरांनी आपल्या 'आयडॉल्स' या पुस्तकात शिवलकर आणि हरियाणाचे राजिंदर गोयल या दोघांवर लिहिलं. शिवलकरांसाठी निवड समितीला पटवता आलं नाही ही खंतही त्यांनी पुढे मांडली. २०१७मध्ये मंडळानं त्या दोघांना एकत्रच कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव दिला. शिवलकर २०२५च्या मार्चमध्ये गेले. इथं मी माझी फूटपट्टी लावतो तेव्हा उत्तर गोंधळात टाकतं. बेदी ६७ कसोट्या खेळले, २६६ बळी घेतले; त्यांना घेणं चूक नव्हतं. पण सबंध दशकात एकही सामना, एखादी दुखापत, एखादी मेलेली मालिका सापडू नये? हा अन्याय होता, फक्त त्याचा गुन्हेगार सापडत नाही.

भाऊसाहेब निंबाळकरांचंही तेच. कोल्हापूरचा हा माणूस १९४८च्या डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होता, ब्रॅडमनच्या ४५२ला अगदी हाकेच्या अंतरावर, आणि काठियावाडच्या राजेसाहेब कर्णधारानं सामनाच सोडून दिला. महाराष्ट्र ४ बाद ८२६. एवढ्या धावा काढणाऱ्याला भारतानं एक कसोटी दिली नाही. मला विचाराल तर विक्रम हुकल्याची हळहळ आपण उगाच जास्त करतो. ४४३ हा आकडा पुरेसा आहे. कसोटी न मिळाल्याचं दुःख मात्र खरं.

त्याहून मागे गेलं तर पळवणकर बाळूंशी येऊन थांबतो. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करणारा पोऱ्या, नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकता टाकता तयार झाला. चहाच्या वेळी त्याला वेगळ्या भांड्यातून चहा मिळायचा आणि तोही तंबूबाहेर. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं ११४ बळी घेतले. भारताची पहिली कसोटी १९३२ला, तेव्हा बाळू पन्नाशी ओलांडून बसले होते. या लेखाचं शीर्षक मी चहावरून घेतलं खरं, पण चहापुरतंही आत घेतलं नाही असा माणूस आपल्याकडे होऊन गेला हे विसरून चालणार नाही.

शरीरानं दगा दिलेले वेगळे. यात सोलापूरला जन्मलेला सलील अंकोला आठवतो. महाराष्ट्राकडून पदार्पणातच हॅट्‌ट्रिक, आणि १९८९च्या नोव्हेंबरात कराचीला कसोटी पदार्पण. त्याच सामन्यात सचिन तेंडुलकर आणि पाकिस्तानचा वकार युनूस हेही पहिल्यांदा उतरले. सचिनच्या खात्यात पुढे १९९ कसोट्या जमा झाल्या, अंकोलाच्या खात्यात शून्य. दोन बळी, सहा धावा. एकदिवसीय सामने तो वीस खेळला, पण पायाच्या हाडात गाठ निघाली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी क्रिकेट सुटलं. मग तो पडद्यावर गेला, पुढे निवड समितीतही बसला. वयानं चुकलेला समीर दिघे. पहिली कसोटी मिळाली तेव्हा वय ३२.

दिघेचं पदार्पण मात्र असं होतं की त्या एका सामन्यावर वेगळा लेख व्हावा. २००१चा मार्च, चेन्नई, ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका बरोबरीत, शेवटची कसोटी. भारताच्या अकरांत तीन मुंबईकर असे होते की ज्यांना आपण या लेखाचे रहिवासी म्हणू शकतो. दिघे आणि साईराज बहुतुले यांची पहिली कसोटी आणि निलेश कुलकर्णीची शेवटची. १५५चं लक्ष्य, आठ गडी बाद, आणि दिघे नाबाद २२ वर टिकून राहिला. हरभजननं विजयी फटका मारला. हरभजनचे १५ बळी आणि त्या मालिकेचं जे काही गुणगान झालं त्यात दिघेच्या २२ धावा एका ओळीत उरकल्या जातात. तो सहा कसोट्या खेळला. बहुतुले दोन, तीन बळी. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये मात्र ६३० बळी आणि सहा हजारांवर धावा. कुंबळेच्या काळात लेगस्पिनर असणं म्हणजे बेदीच्या काळात शिवलकर असणं, थोडं कमी क्रूर इतकंच.

निलेश कुलकर्णीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डोंबिवलीचा हा उंच डावखुरा फिरकीपटू. ऑगस्ट १९९७, कोलंबोचं प्रेमदासा मैदान. कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर त्यानं मर्वन अटापट्टूला यष्टिरक्षक मोंगियाकडे झेल द्यायला लावला. असं करणारा पहिला भारतीय. पुढे काय झालं? जयसूर्या ३४०, महानामा २२५, दोघांची ५७६ची भागीदारी, श्रीलंका ६ बाद ९५२. निलेशची षटकं ७०, धावा १९५, बळी तोच एक. पहिल्या चेंडूवर देवानं सगळं देऊन टाकलं आणि नंतर ४१९ चेंडू हात आखडता घेतला. सबंध कारकिर्दीत ३ कसोट्या, २ बळी. यात कुणी कुणावर अन्याय केला नाही. पाटा खेळपट्टी होती.

पुण्याच्या कानिटकर पिता-पुत्रांची मौज निराळी. हेमंत कानिटकर २२ नोव्हेंबर १९७४ला बंगळूरमध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी खेळायला उतरले, त्याच सामन्यात ग्रीनिज आणि रिचर्ड्स यांचंही पदार्पण. पहिल्या डावात ६५. त्या दिवशी घरी त्यांचा मुलगा हृषीकेश आठ दिवसांचा होता. हेमंत दोन कसोट्या खेळले, १११ धावा. पंचवीस वर्षांनी हृषीकेश ऑस्ट्रेलियात दोन कसोट्या खेळला, ७४ धावा. ढाक्याला १९९८च्या जानेवारीत सकलेनला मारलेला तो शेवटचा चौकार लोकांना आठवतो, मेलबर्नच्या ४५ धावा नाही. बाप-लेकांना वारसा मिळाला तो दोनच्या आकड्याचा.

हेमंत कानिटकरांच्याच काळातले सुधीर नाईक. १९७४च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सवर भारत ४२ धावांत कोसळल्यानंतर एजबॅस्टनला त्यांनी पदार्पणात दुसऱ्या डावात ७७ काढल्या. त्याच दौऱ्यात लंडनच्या एका दुकानातून मोजे उचलल्याचा आळ त्यांच्या माथी आला आणि ७७ धावा पुसल्या गेल्या. गावसकरांनी पुढे त्यांची बाजू लिहून मांडली. आणखी दोन कसोट्या, एकूण १४१ धावा. १९७०-७१ला मोठमोठे खेळाडू वेस्ट इंडिजला गेलेले असताना उरलेल्या पोरांना घेऊन मुंबईला रणजी जिंकून देणारा हा कर्णधार. २०११च्या विश्वचषक अंतिम सामन्याची वानखेडेची खेळपट्टी त्यांच्याच देखरेखीखालची. मोजे मात्र शेवटपर्यंत मागे लागले.

औरंगाबादच्या इक्बाल सिद्दीकीचं गमतीदार आहे. मोहाली, डिसेंबर २००१, इंग्लंड. वेगवान गोलंदाज म्हणून आला, एक बळी मिळाला. भारताला जिंकायला पाचच धावा हव्या होत्या, तर सलामीला यालाच पाठवलं. त्यानं त्या पाचही काढल्या. पहिली आणि शेवटची कसोटी, विजयी फटका आपल्या नावावर. चहाबरोबर लाडूही मिळाला म्हणायचा.

आता मागच्या दारानं ज्यांना आत घेणार म्हटलं होतं ते. आचरेकर सरांचेच दोन विद्यार्थी. प्रवीण आमरेनं १९९२ला डर्बनमध्ये पदार्पणात शतक ठोकलं. ११ कसोट्या, सरासरी ४२.५०, आणि वर्षभरात बाहेर. फूटपट्टी लावली तर आमरेवर अन्याय झाला असं मी बिनधास्त म्हणतो. दुसरा विनोद कांबळी. १७ कसोट्या, १०८४ धावा, सरासरी ५४.२०, तेविसाव्या वर्षी कारकीर्द खलास. मराठी घरात या विषयावर भांडण न झालेलं मला आठवत नाही. एक बाजू जातीचं आणि वशिल्याचं बोलते, दुसरी बाजू वागण्याचं. मी दोन्ही बाजूंना कागद-पेन्सिल घेऊन बसायला सांगेन. पहिल्या आठ डावांत कांबळीनं ७९३ धावा काढल्या. त्यात २२४, २२७, १२५ आणि १२०. उरलेल्या तेरा डावांत २९१. ५४ची सरासरी खरी आहे, पण ती दोन वेगळ्या फलंदाजांची बेरीज आहे. वेस्ट इंडिजच्या वेगवान गोलंदाजांनी आखूड टप्प्याचं उत्तर मागितलं आणि ते त्याच्याकडे त्या घडीला नव्हतं. वगळलं ते चूक नव्हतं. पण तेविशीच्या पोराला ते उत्तर शोधून पुन्हा परीक्षेला बसू दिलं नाही, ही चूक होती. या दोन वाक्यांपैकी एकच धरून आपण तीस वर्षं भांडतो आहोत.

बायकांच्या क्रिकेटकडे गेलं की ही सगळी मोजमापं हास्यास्पद होतात. मुंबईची पूनम राऊत. २०१४च्या नोव्हेंबरात म्हैसूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटीत १३०, कामिनीबरोबर २७५ची भागीदारी. त्यानंतर भारतीय महिला संघाला पुढची कसोटी मिळाली ती २०२१च्या जूनमध्ये. पूनमला वगळलं नव्हतं, कसोटीच नव्हती. २०२१ला ऑस्ट्रेलियात दिवस-रात्र कसोटीत ३६ वर असताना पंचांनी नाबाद म्हटलं तरी बॅट लागली म्हणून ती स्वतः चालती झाली. चार कसोट्यांपैकी ती तिची शेवटची ठरली. कारकिर्दीत चेंडू इतके कमी मिळणाऱ्या माणसानं असं चालत जावं, याला काय म्हणावं मला सुचत नाही.

हल्ली चहाचा कप आयपीएलच्या टपरीवर मिळतो. नदीपलीकडे गोव्यात स्वप्नील अस्नोडकरचं नाव अजून निघतं. २००८च्या पहिल्या आयपीएलमध्ये राजस्थानकडून नऊ सामन्यांत ३११ धावा, शेन वॉर्नचा लाडका, आणि त्या वर्षी राजस्थान विजेता. पुढच्या मोसमांत सूर हरवला, भारताची टोपी आलीच नाही. कसोटीवाल्याची एक ओळ तरी विक्रमांच्या पुस्तकात कायमची छापली जाते. लीगवाल्याची पुढच्या लिलावापर्यंत. कसोटीची ती ओळ धवल कुलकर्णीलाही मिळाली नाही; २००९पासून तो कसोटी संघांबरोबर फिरला, कसोटी एकही नाही. २०२४च्या मार्चमध्ये वानखेडेवर रणजी अंतिम सामन्यातला शेवटचा बळी घेऊन त्यानं खेळ थांबवला.

या यादीकडे पुन्हा पाहताना एक गोष्ट ठळक दिसली. ज्यांना कमी मिळालं ते शिकवायला गेले. पाच कसोट्यांचा चंद्रकांत पंडित, त्यानं विदर्भाला लागोपाठ दोनदा आणि २०२२ला मध्य प्रदेशला रणजी जिंकून दिली. हृषीकेश कानिटकर आणि बहुतुले यांच्या हाताखाली १९ वर्षांखालच्या पोरांनी २०२२चा विश्वचषक आणला. दोन कसोट्यांचा पारस म्हांब्रे २०२४च्या टी-ट्वेंटी विजेत्या संघाचा गोलंदाजी प्रशिक्षक. अकरा हजारांवर धावा करून एकही कसोटी न मिळालेला, शाळेच्या सामन्यात सचिन-कांबळीच्या ६६४च्या भागीदारीच्या वेळी पॅड बांधून बसून राहिलेला अमोल मुझुमदार २०२५च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत महिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचा गुरू. अपुरं राहिलेलं माणसाला शिकवायला लावतं की काय कोण जाणे. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र यात आहे. एकाच सामन्याचा तो 'प्लेयर कसलो', ते त्याच्या पोरांना विचारायचं.

माझा हिशेब असा. आपटे, निंबाळकर, शिवलकर आणि आमरे यांच्यावर अन्याय झाला. कांबळीवर अर्धा. बाळूंवर झाला तो क्रिकेटनं केला नाही, समाजानं केला. बाकीच्यांना नशीब, काळ, हाडं आणि समोरचा माणूस आडवा आला. वाचकांना हा हिशेब पटला नाही तर त्यांनी आपला मांडावा, फक्त आकडे समोर घेऊन.

एक विनंती आहे. कसोटीतल्या सहा आणि एक धावाही कुठंतरी लिहिलेल्या राहतात. सिंधुदुर्गातल्या, रत्नागिरीतल्या, पेडण्याच्या जुन्या क्लबांचे सामने मात्र वाळवीच्या स्वाधीन आहेत. माझ्या गावातल्या एका घराच्या माळ्यावर सत्तरच्या दशकातलं स्कोअरबुक होतं. गेल्या वर्षी घराचं छप्पर काढताना ते रद्दीत गेलं. तुमच्या माळ्यावर, देवळाच्या पेटीत, वाचनालयाच्या कपाटात असं एखादं पुस्तक असेल तर या पावसाआधी खाली काढा, पानांचे फोटो घ्या आणि खेळलेल्यांपैकी जो कोणी हयात असेल त्याला एकदा दाखवा.